कडी बाहेरून

घरून काम करणाऱ्या प्रत्येकाकडे दार असलेली स्वतंत्र खोली असलीच पाहिजे, असा हुकूम कंपनीने काढला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी खुर्चीचा पाय मोडल्याबद्दल मनापासून माफी मागत होत्या.

माफी मागणं हीच त्यांची नोकरी होती. त्यांची कंपनी घरी नेऊन आपलं आपण जोडायचं फर्निचर विकायची. ते जोडताना, जोडल्यावर किंवा भाबडेपणाने त्यावर बसल्यावर ज्यांच्यावर प्रसंग गुदरे, त्यांच्या तक्रारींना वहिनी उत्तरं लिहीत. एका आजोबांनी कपाट उघडलं तर कपाटच त्यांच्या गळ्यात पडलं होतं. एका नव्या जोडप्याला पलंगाच्या खोक्यात चपलांचे दोन स्टँड मिळाले होते. अशांचा संताप वहिनी चार ओळींत उतरवत. शिव्या देऊन सुरुवात केलेली माणसं शेवटी 'तुम्हीही काळजी घ्या' असं लिहून जात. इमारतीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. या दादांनी जन्मात कुणावर दादागिरी केलेली नव्हती. स्वतःच्या घराची बेल वाजवतानासुद्धा ते आधी खाकरत.

हुकुमाचं मूळ होतं एका कुकरच्या शिट्टीत. कंपनीचे बडे साहेब 'कर्मचाऱ्यांची मनःशांती' या विषयावर पडद्यावरून बोलत असताना कुणाच्या तरी घरी कुकर किंचाळला. वहिनींच्या विभागाचे साहेब ताडकन उठले, पडद्यावरून नाहीसे झाले, शिट्टी मध्येच घुसमटून थांबली, साहेब परत येऊन बसले आणि म्हणाले, "हा बेशिस्तपणा कुणाच्या घरचा?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. या साहेबांना विभागात तातडीसाहेब म्हणत. त्यांचा प्रत्येक निरोप 'तातडीचं' या शब्दाने सुरू व्हायचा, मग मजकूर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा का असेना. सकाळी ते सांगत, 'उत्तरं सविस्तर द्या.' दुपारी विचारत, 'इतका वेळ का लागतो?' आणि संध्याकाळी 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणून ज्याला त्याला झापत. हा शेवटचा भाग तेवढा खरोखरच कुटुंबासारखा होता.

आता वहिनींच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कॉट, टीव्ही आणि पेपर वाचणारे दादा. आतल्या खोलीत परीक्षेच्या वर्षाला असलेली लेक. उरलं स्वयंपाकघर, पण त्याला दारच नव्हतं. पूर्वी होतं. दादांनी कुठल्याशा मासिकात 'मोकळी घरं, मोकळी मनं' असा लेख वाचला आणि आयुष्यातला एकमेव धाडसी निर्णय घेऊन ते काढून टाकलं. मनं किती मोकळी झाली कोण जाणे, फोडणीचा वास मात्र सगळ्या घरभर मोकळा फिरू लागला.

"एक दार तर बसवायचंय," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवसांचं काम."

बातमी जिन्यातून खाली जाऊन वर येईपर्यंत सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, "दार कशाला हवं? पडदा लाव आणि त्यावर दाराचं चित्र काढून घे. कॅमेऱ्यात कुणाच्या बापाला कळतंय?" वरच्या मजल्यावरच्या मावशींनी सुचवलं, की साहेबांनी विचारलं की त्यांच्या घरात येऊन बसावं, त्यांच्याकडे तीन दारं आहेत आणि बोलायला कुणी नाही. दादा म्हणाले, "जुनं दार मिळालं असतं तर..." आणि वहिनींनी नुसतं बघितल्यावर त्यांनी पेपर वर केला.

शेवटी सेक्रेटरी आले. हे गृहस्थ नोकरीभर एका सरकारी कार्यालयात नकाशे तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला नकाशे उरले नाहीत, म्हणून ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. खिशात कायम मोजपट्टी. माणसाशी बोलतानाही ते त्याच्या खांद्यावरून भिंतीचा ओळंबा बघत.

"दार बसवणं म्हणजे बांधकामात बदल," ते म्हणाले. "कमिटीची मंजुरी लागेल."

"मग द्या ना मंजुरी."

"कशी देऊ? मूळ नकाशात इथे दार आहे. ते काढल्याचं तुम्ही आम्हाला कळवलेलं नाही. म्हणजे सोसायटीच्या लेखी ते दार अजून इथेच आहे. दार असलेल्या ठिकाणी दार बसवायची परवानगी मी देऊ कशी, सांगा?"

वहिनींनी त्या मोकळ्या कमानीतून हात आरपार घालून दाखवला. सेक्रेटरींनी हाताकडे सहानुभूतीने पाहिलं. "मला दिसतंय हो. पण नकाशाला दिसत नाही. आधी दार काढायची परवानगी मागा. ती मिळाली की बसवायची मागा."

"काढून दहा वर्षं झाली!"

"म्हणूनच नाकारायला काही कारण दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

अर्ज गेले. इकडे तातडीसाहेबांचे निरोप येत राहिले. 'तातडीचं. दाराचा फोटो.' 'तातडीचं. दार बंद असलेला फोटो.' 'तातडीचं. दार बंद असताना आत तुम्ही आहात हे दिसेल असा फोटो.' या शेवटच्यावर विभागात बराच विचारविनिमय झाला. कमिटीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही हे ओळखून वहिनींनी सुताराला बोलावलं. सुतार मोजक्या शब्दांचा माणूस. त्याने कमानीकडे बघून विचारलं, "स्वयंपाकघराचं दार ना?" वहिनी तेव्हा एका मोडक्या ड्रॉवरबद्दल दिलगीर होत होत्या. त्या मान वर न करता "हो" म्हणाल्या, आणि या एका अक्षरात पुढचं सगळं रामायण भरलेलं होतं.

दार आलं. छान होतं, भक्कम होतं. फक्त ते आतल्या बाजूला उघडत होतं आणि आत फ्रिज होता. दार निम्मं उघडून फ्रिजला टेकलं आणि तिथेच थांबलं. सुतार म्हणाला, "फ्रिज हलवा." फ्रिज बाहेरच्या खोलीत गेला. तिथे तो मावेना, म्हणून टीव्ही आतल्या खोलीत गेला. टीव्हीच्या मागोमाग सासूबाईंच्या मालिका गेल्या, मालिकांच्या मागोमाग सासूबाई गेल्या, आणि सासूबाईंच्या मागोमाग शेजारच्या दोन आजी. लेकीने वह्या उचलल्या आणि घरात जिथे आता दार लावून अभ्यास करता येईल अशा एकमेव जागी, म्हणजे स्वयंपाकघरात, ती येऊन बसली. दादांच्या कानाशी आता फ्रिज घुरघुरू लागला. तेही पेपर घेऊन आत आले. मालिकेच्या मधल्या जाहिराती लागल्या की सासूबाई "जरा शांत बसते गं" म्हणत आत येत. एकूण काय, एकांतासाठी केलेल्या खोलीत अख्खं घर राहायला आलं आणि बाकीचा फ्लॅट फ्रिजला मिळाला.

"दार लावून घ्या रे, आई काम करतेय," लेक ओरडे, आणि सगळे आत राहूनच दार लावून घेत.

तपासणीचा दिवस उजाडला. तातडीसाहेबांनी ती सगळ्यांची एकत्र, पडद्यावर ठेवली होती. प्रत्येकाने लॅपटॉप फिरवायचा, दार लावून दाखवायचं, उघडून दाखवायचं. दादा कामावर गेले होते. सासूबाईंना शेजारी पिटाळलं होतं. लेकीला टेबलाखाली वह्या घेऊन बसवलं होतं, कारण दुसरीकडे टीव्हीसमोर आजींचं मंडळ भरलं होतं. सगळा बंदोबस्त चोख झाला आणि त्याच क्षणी सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन आत आले.

"मंजुरीविना बसवलेल्या दाराची पाहणी," ते म्हणाले.

"आत्ता नको हो!" वहिनी कुजबुजल्या. "साहेब बघतायत."

"मीही बघायलाच आलोय," असं म्हणून ते दाराआड जाऊन चौकट मोजू लागले. पडद्यावर तपासणी सुरूही झाली होती, त्यामुळे त्यांना बाहेर काढायची सोय उरली नाही.

विभागातल्या एकेकाची दारं येऊन गेली. कुणी गादीच्या कपाटाचं दार दाखवलं, कुणी शेजाऱ्याचं. मग धाकटीची पाळी आली. ही विभागातली सगळ्यात लहान मुलगी. वहिनींनीच तिला काम शिकवलं होतं. माफी कशी मागायची हे सांगताना वहिनी तिला म्हणाल्या होत्या, की काय बिघडलं ते आधी कबूल कर, मग बाकीचं. धाकटी चौघींबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहायची. तिच्या खोलीला दार होतं, पण त्या खोलीत चौघीजणी होत्या. म्हणून ती न्हाणीघरात, पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवून बसली होती. तिने दार लावून दाखवलं, उघडून दाखवलं, आणि बिचारी जरा हसलीही.

"तुमच्या मागे काय आहे?" तातडीसाहेबांनी विचारलं.

"नळ आहे, सर."

"नळ! कंपनीच्या मीटिंगमध्ये नळ! इतरांकडे बघा जरा. असं वागून कुटुंबाची लाज काढायची असेल तर या कुटुंबात राहण्याचा पुन्हा विचार करा. एवढी साधी गोष्ट जमत नाही, आणि चालल्या लोकांच्या तक्रारी सोडवायला."

कॅमेरा बंद केला तर गैरहजेरी लागते, म्हणून धाकटीने तो बंद केला नाही. सगळ्यांच्या देखत, नळापुढे बसून, ती रडत राहिली. वहिनींना राग आला. रोज येतो तसला नव्हे, त्याला वहिनी भांडी घासता घासता वाटेला लावत. हा राग कानशिलं तापवणारा होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"पुढे. मॅडम, तुमचं दार."

वहिनींनी दार लावून दाखवलं. दार लागलं, आणि दाराआडचे सेक्रेटरी मोजपट्टीसह पडद्यावर उघडे पडले.

"हे कोण?"

"सोसायटीचे सेक्रेटरी."

"ते आत काय करतायत? असो. आता उघडून दाखवा."

वहिनींनी मूठ धरून ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. सेक्रेटरींनी मोजपट्टी खिशात घालून ओढलं. टेबलाखालून लेक निघाली आणि तिनेही ओढलं. तेव्हा वहिनींचं लक्ष गेलं, की दाराला आतून कडीच नाही. सुताराने विचारून घेतलं होतं, स्वयंपाकघराचं ना? आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी बाहेरून असते, मांजर आत जाऊ नये म्हणून. ऑफिसचं तंत्र त्याला कुणी समजावलंच नव्हतं. आणि बाहेर, शेजारून चष्मा न्यायला क्षणभर आलेल्या सासूबाईंनी, स्वयंपाकघराचं दार लागलेलं पाहून, उभ्या जन्माच्या सवयीने, कडी घालून टाकली होती आणि त्या परत गेल्या होत्या.

"उघडत नाही," वहिनी म्हणाल्या. "बाहेरून कडी लागलीये."

"आजी!" लेक दारावर थापा मारू लागली. "आजी! अगं आजी!" आतल्या खोलीत मालिकेतलं कुणीतरी मोठ्याने रडत होतं, आजींचं मंडळ त्याच्याबरोबर रडत होतं, त्यात हिची हाक कोण ऐकणार?

सेक्रेटरी कॅमेऱ्यासमोर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, या दाराला मुळात मंजुरीच नाही. त्यामुळे ते लागलेलं आहे असं आम्ही मानत नाही."

पडद्यावरच्या एका चौकटीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या चौकटीत. मग सगळ्यांतच. धाकटी डोळे पुसत हसत होती, नाक ओढत हसत होती, आणि ते पाहून वहिनींनाही हसू फुटलं.

"बंद करा!" तातडीसाहेब कडाडले. "कंपनीची थट्टा चाललीये इथे! मॅडम, माफी मागा. आत्ता. सगळ्यांसमोर."

हसू थांबलं. दोन शब्द तर होते. दिवसाकाठी वहिनी ते इतक्यांदा लिहीत, की बोटांनी डोक्याला विचारायचंही सोडलं होतं. त्यांना घर दिसत होतं, दोघांच्या पगारावर चालणारं. समोर लेक दिसत होती, जिचं पुढचं शिक्षण अजून सगळं व्हायचं होतं. सेक्रेटरी कानाशी पुटपुटले, "म्हणून टाका हो वहिनी. तोंडाला काय भाडं पडतंय?" वहिनींनी तोंड उघडलंही. आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना तो नळ दिसला.

"कशाबद्दल?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माफी कशाबद्दल मागू, तेवढं सांगा."

"उलट उत्तर देताय?"

"उलट नाही, सरळ विचारतेय. मी दिवसभर माफीच मागते, साहेब. मी न मोडलेल्या खुर्च्यांची, मी न पाठवलेल्या खोक्यांची. पण मागते, कारण समोरच्या माणसाचं खरंच काहीतरी मोडलेलं असतं. आज कुणाचं काय मोडलं? तुमचं तर काहीच नाही. मोडलं त्या पोरीचं. चौघींच्या खोलीत राहून ती तुमचं काम करते, तुम्ही दार मागितलंत म्हणून न्हाणीघरात जाऊन बसली, आणि तिला तुम्ही सगळ्यांसमोर रडवलंत. तेव्हा इथे कुणी माफी मागायचीच असेल तर तुम्ही मागा. मी मागणार नाही."

"नोकरीचा विचार करा, मॅडम."

"करतेय ना. म्हणूनच बोलतेय."

आणि वहिनींनी लॅपटॉप मिटला. कामाच्या वेळात, भर दिवसा, टप्पकन.

स्वयंपाकघरात एवढी शांतता दार बसवल्यापासून पहिल्यांदाच झाली होती. वहिनी स्टुलावर बसल्या. लेक येऊन त्यांना बिलगली. सेक्रेटरी दुसरीकडे बघत म्हणाले, "चहा टाकू का? साखर कुठेय?" कमिटीच्या इतिहासात त्यांनी कुणाला चहा केल्याची नोंद नव्हती. त्यांनी केला, फार वाईट केला, आणि तिघांनी तो पूर्ण प्यायला.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. दारात सासूबाई. आत सून, नात आणि सेक्रेटरी, तिघांच्या हातात कप.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मी मांजराला बाहेर ठेवलं म्हणून निश्चिंत होते."

वहिनींनी त्यांना काय घडलं ते सांगितलं. नोकरी बहुतेक गेली, हेही सांगितलं. सासूबाईंनी आयुष्यभर सुनेच्या चुका काढल्या होत्या, तेव्हा आता काय ऐकावं लागणार याची वहिनींनी तयारी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "मागितली नाहीस ना माफी? मग झालं तर. उद्याचं उद्या बघू." आणि मालिका चुकल्याची आठवण होऊन लगबगीने निघून गेल्या.

दुपारभर वहिनींनी लॅपटॉपला हात लावला नाही. संध्याकाळी दादा आले, सगळं ऐकून घेतलं, न खाकरता म्हणाले, "बरं केलंस," आणि सुताराला फोन करून कडी आतल्या बाजूला बसवायला सांगितली. आयुष्यातला हा त्यांचा दुसरा धाडसी निर्णय.

इकडे कंपनीत काय झालं, ते धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितलं. वहिनींच्या वाट्याच्या तक्रारी अडून राहिल्या. बाकीच्यांनी 'आमची आमची कामं आहेत' म्हणून हात वर केले, तेव्हा त्या तातडीसाहेबांनी स्वतः निकालात काढल्या. तातडीने. खुर्ची मोडलेल्या एका गृहस्थांना त्यांनी लिहिलं, की बसण्यापूर्वी आपलं वजन बघावं. कपाट पुन्हा गळ्यात पडल्याचं कळवणाऱ्या त्या आजोबांना लिहिलं, की कपाट सावकाश उघडायचं असतं. आजोबांनी ते उत्तर थेट बड्या साहेबांना पाठवलं. आजोबा एकेकाळी वकिली करत होते.

दुपारी वहिनी भाजी निवडत असताना फोन वाजला. तातडीसाहेब.

"मॅडम, कालचं जाऊ द्या. विसरून जाऊ. तुम्ही कामावर या. एक छोटंसं काम आहे." तातडी हा शब्द आवाजात कुठेच नव्हता. "त्या आजोबांना लेखी माफी हवीये. माझ्या सहीची. बडे साहेब म्हणतायत आज संध्याकाळपर्यंत. तुम्ही दोन ओळी लिहून देता का? तुमच्या हाताला सवय आहे."

खरंच होती. त्या क्षणी अख्खी माफी, शेवटच्या पूर्णविरामासकट, वहिनींच्या डोक्यात तयार उभी राहिली. बोटं शिवशिवली. त्यांनी ती भाजीत खुपसली.

"तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या, "मी वाचून सांगते. पण आजोबांची नंतर. आधी त्या पोरीची."

पलीकडून फोन बंद झाला. गेली वाटतं नोकरी, असं म्हणून वहिनींनी देठ खुडायला घेतले. भाजी निम्मी निवडून होते न होते तोच निरोप आला.

'काल काही गैरसमज निर्माण झाल्यामुळे जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.'

लेकीने खांद्यावरून वाकून वाचलं. "आई, चालेल का हे?"

वहिनींनी ओले हात पदराला पुसले आणि उत्तर लिहिलं.

'साहेब, यात नळ नाही, ती मुलगी नाही आणि तुम्हीही नाही. सगळ्यांना आत घ्या आणि परत पाठवा. घाई नाही.'